ब्लूमफाँटेनचा स्तंभ आणि आपली यादी

आमच्या वस्तीत विहाराच्या भिंतीला फलक लावायचं ठरलंय. बहात्तरच्या दुष्काळात जत-आटपाडीकडनं पोटासाठी बाहेर पडलेली माणसं इथं माळावर येऊन बसली, तिथनं ही वस्ती झाली. त्यांची नावं काळ्या दगडावर कोरायची. मंडळानं यादी केली. एकतीस नावं. तिसरी पाळी करून आलो होतो, अंगावरचा कापूसही झटकला नव्हता, तेवढ्यात यादी हातात पडली. आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आनि आमी काय उडून आलो व्हय रं?"

एकतीसच्या एकतीस पुरुष.

यादी करणारा माझाच दोस्त. त्याला विचारलं तर म्हणाला, "अरे, कुटुंबप्रमुख घेतलेत. बायापोरं त्यात आलीच की."

हे "त्यात आलीच" माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच महिन्यात मी एका परदेशी स्तंभाबद्दल वाचत होतो. तो स्तंभ खास बायका-पोरांसाठीच बांधलाय. जगात इतका मोठा स्तंभ बायका-पोरांसाठी फार ठिकाणी नसेल. आणि त्यावर लिहिलेल्या एका शब्दात अशीच हजारो बायापोरं "आलीच" असं धरलंय, प्रत्यक्षात ती कुठंच नाहीत. मित्रांनो, म्हणून हे लिहायला बसलो. मी काही इतिहासकार नाही. नववीनंतर शाळा सुटली, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. चुकलं असेल तर सांगा.

सुरुवात झाली नगरच्या किल्ल्यापासून. आता कागदोपत्री अहिल्यानगर. त्या किल्ल्यात १९४२ ते ४५ नेहरू कैदेत होते हे आपल्याला शाळेत शिकवलं. पण त्याआधी चाळीस वर्षं नगरला गोऱ्या शेतकऱ्यांना कैदी म्हणून आणून ठेवलं होतं, हे कुणी सांगितलं नाही. हे बोअर. दक्षिण आफ्रिकेतून जहाजं भरून आणलेले. सेंट हेलिना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थान, असे त्यांचे तुरुंग. मला वाटलं, गोऱ्यानं गोऱ्याला आपल्या गावात कोंडावं, ही भानगड काय? आणि कैदी इथं, तर त्यांची बायकापोरं कुठं होती?

बोअर म्हणजे शेतकरी. डच वंशाचे लोक, १६५२ पासून केपला वसलेले. पुढे इंग्रज आले, त्यांनी गुलामगिरी बंद केली, आणि १८३० नंतर हे लोक बैलगाड्यांत बायकापोरं घालून आतल्या मुलुखात सरकू लागले. या सरकण्याला त्यांच्या इतिहासात मोठा मान आहे. पण तो मुलूख काही ओसाड नव्हता. सोथो होते, त्स्वाना होते, झुलू होते. १६ डिसेंबर १८३८ ला एका नदीकाठी बोअरांनी गाड्यांचं कडं करून बंदुकांनी झुलूंना कापून काढलं. सुमारे तीन हजार झुलू पडले. नदी लाल झाली म्हणून तिचं नाव रक्तनदी. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं ती परत येणार आहे.

मग बोअरांची दोन राज्यं झाली, ऑरेंज फ्री स्टेट आणि ट्रान्सवाल. ट्रान्सवालच्या १८५८ च्या घटनेत सरळ लिहून ठेवलं होतं की गोरे आणि काळे यांच्यात देवळात किंवा राज्यात समता मानली जाणार नाही. मनुस्मृती वाचलेल्या माणसाला हे कलम समजावून सांगायला नको.

१८८६ ला ट्रान्सवालमध्ये सोनं सापडलं, आणि इंग्रजाची भूक जागी झाली. ऑक्टोबर १८९९ ला युद्ध सुरू झालं. मोठमोठी शहरं इंग्रजांनी घेतली, तरी बोअर घोड्यावर बसून छापे घालत राहिले. आता त्यांना धान्य, घोडा, बातमी कुठनं मिळायची? घरून. म्हणून घरंच जाळायची असं ठरलं. सुमारे तीस हजार घरं जाळली, गुरं मारली, उभी पिकं पेटवली.

हे जाळपोळीचं काम ज्याच्या हुकमानं सुरू झालं तो लॉर्ड रॉबर्ट्‌स. या माणसाशी आपलाही हिशेब आहे. १८८५ ते १८९३ तो हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. कुठल्या जाती लढाऊ आणि कुठल्या बिनलढाऊ, हे शास्त्र त्यानं फौजेत रेटलं, आणि त्याच काळात महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या नातवंडांना सांगितलं, तुमच्यात लढायचा गुण नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला तो याच अन्यायाविरुद्ध. रॉबर्ट्‌सच्या मागून आफ्रिकेतली सूत्रं हातात घेतली किचनेरनं. तोही लढाई संपवून १९०२ ला इकडं सरसेनापती म्हणून आला आणि १९०९ पर्यंत राहिला. साम्राज्याच्या गिरणीत जॉबर तेच असतात, खातं फक्त बदलतं.

घरं जाळल्यावर बाया-पोरांचं काय करायचं? रुळालगत, माळावर तंबू ठोकले आणि त्यांना तिथं नेऊन टाकलं. नाव दिलं निर्वासितांची छावणी. घर मी जाळायचं, आणि तू माझ्या आसऱ्याला आलास असं मीच लिहायचं! एक लाखाच्या वर माणसं या छावण्यांत होती. सुरुवातीला तर ज्या बाईचा नवरा अजून लढतोय तिला शिधा कमी, मांस नाही. म्हणजे नवऱ्याच्या बंदुकीची शिक्षा पोराच्या ताटाला. लिझी फान झील नावाची सात वर्षांची पोर ब्लूमफाँटेनच्या छावणीत १९०१ ला मेली. तिचा फोटो आहे. हाडांवर कातडं, हातात बाहुली. मी तो फोटो एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पान उलटलं.

एमिली हॉबहाउस ही इंग्रज पाद्र्याची मुलगी, वय चाळीस. जानेवारी १९०१ मध्ये ती ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोचली. एका तंबूत दहा-बारा माणसं, पाणी अपुरं, सरपण अपुरं, आणि साबण तर शिध्यात नव्हताच. तिनं तिथल्या साहेबांकडं साबण मागितला. हे वाचून मी थांबलो. राजकीय हक्क, तह, करार हे नंतरचं. बाई पहिल्यांदा साबण मागते. कारण कपडे उकळून धुतले नाहीत तर पोरं मरतात हे तिला डोळ्यानं दिसतंय.

पोरं मेली ती मुख्यतः गोवरानं. गोवर आला, मागून न्यूमोनिया आला, हगवण होतीच. हॉबहाउसनं इंग्लंडला परत जाऊन जून १९०१ ला अहवाल छापला. सरकारी पक्ष तिच्यावर तुटून पडला. ऑक्टोबरात ती परत निघाली तर केपच्या बंदरात तिला उतरूच दिलं नाही, उचलून दुसऱ्या जहाजात टाकलं आणि घरी पाठवलं. त्याच ऑक्टोबरात छावण्यांतलं मरण असं होतं की तोच वेग वर्षभर राहिला असता तर हजारातली ३४४ माणसं संपली असती. सरकारनं मिलिसेंट फॉसेट या बाईंच्या हाताखाली चौकशीला बायकांचं मंडळ पाठवलं. हॉबहाउसला त्यात घेतलं नाही. या मंडळानं सुधारणा सुचवल्या, मरण कमी झालं, हे मान्य केलं पाहिजे. पण आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली, की आया अडाणी, अस्वच्छ, घरगुती औषधं करतात. ही भाषा आपल्या कानांना ओळखीची आहे. आधी पाणी तोडायचं, मग म्हणायचं, अंघोळ करत नाहीत.

हॉबहाउसनं स्प्रिंगफोंटेन नावाच्या स्टेशनाजवळ एक आई पाहिली. छावणीत जागा नाही म्हणून माणसं उघड्यावर पडलेली. ही बाई ट्रंकेवर बसलेली, मांडीवर मरणारं पोर. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई रडत नव्हती, शब्द नाही, फक्त पोराच्या पलीकडं कुठंतरी बघत होती. हॉबहाउस हे चित्र विसरली नाही. पुढं तिनं ते शिल्पकाराला सांगितलं आणि त्यातून स्तंभाची मूर्ती झाली.

स्तंभाची कल्पना फ्री स्टेटचे शेवटचे अध्यक्ष स्टाइन यांची. शिल्पकार आंतोन फान वाउ. ब्लूमफाँटेन गावाबाहेर टेकड्यांच्या पायाशी, सुमारे पस्तीस मीटर उंच, निमुळता दगडी स्तंभ. पायाशी दोन बायका. एक बसलेली, मांडीवर मेलेलं लेकरू. दुसरी तिच्याजवळ उभी, नजर लांब माळावर. बाजूंना उठावाची दोन चित्रं आहेत, एकात बायापोरं छावणीत शिरताहेत, दुसऱ्यात तंबूत पोर मरतंय. मी फक्त फोटो पाहिलाय. फोटोतही ती बसलेली बाई माणसाला गप्प करते. ती बोअर होती म्हणून तिचं दुःख खोटं ठरत नाही. कुणी तसं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

दगडावर लिहिलंय की हा स्तंभ दक्षिण आफ्रिकेच्या जनतेनं २६,३७० स्त्रिया आणि मुलांच्या स्मृतीला उभारला. त्यात सोळा वर्षांखालची पोरं बावीस हजारांच्या वर.

"दक्षिण आफ्रिकेच्या जनतेनं." मित्रांनो, तो शब्द हाच. जनता. जनतेत कोण?

युद्धात फक्त बोअरांची घरं जळाली नव्हती. बोअरांच्या शेतावर राबणारे काळे होते, त्यांच्याही झोपड्या जळाल्या. स्वतःची गुरं राखून, वाट्यानं शेती करून राहणारे काळे होते, त्यांचीही गुरं नेली. यांनाही रुळालगत छावण्यांत कोंडलं, पण वेगळ्या. जून १९०१ ला त्यासाठी इंग्रज फौजेचं स्वतंत्र खातं निघालं. त्याचं धोरण साधं होतं. गडी फौजेच्या कामाला जाईल, दिवसाला साधारण एक शिलिंग. बाया-पोरं छावणीलगतच्या जमिनीत मका पिकवतील. काम केलं तर धान्य, तेही बहुतेक विकत. सोन्याच्या खाणी परत सुरू व्हायच्या होत्या, फौजेचे गडी खाणीकडं सुटायला हवे होते, म्हणून या छावण्या मजुरांच्या कोठ्या होत्या. शिवाय रुळालगत वस्ती असली की बोअरांचा छापा पहिला यांच्यावर. म्हणजे राखणदारही फुकटात.

युद्ध संपायला आलं तेव्हा अशा ६६ छावण्या होत्या आणि त्यांत एक लाख पंधरा हजारांवर माणसं. नोंदलेलं मरण १४,१५४. त्यातली पाचात चार पोरं. नंतरच्या अभ्यासकांनी कागद तपासले, दफनभूम्या शोधल्या, आणि आकडा वीस हजारांच्या पुढं असावा असं ते सांगतात. कितीतरी छावण्यांत नोंद नीट ठेवलीच नव्हती. म्हणजे बोअर बाया-पोरांचं मरण शेवटच्या एककापर्यंत दगडावर कोरलेलं, २६,३७०. आणि काळ्यांचं मरण "च्या पुढं". आमच्या सूतगिरणीत कांडी मोजतात तसं एकाचं, आणि खाली पडलेली रुई झाडून नेतात तसं दुसऱ्याचं. काही काळ्या मोलकरणी मालकिणींबरोबर गोऱ्यांच्या छावणीतही गेल्या होत्या. तंबूबाहेर निजणाऱ्या त्या बाया कुठल्या यादीत धरायच्या?

हॉबहाउस स्वतः काळ्यांच्या छावणीत गेली नाही. तिथं मरण जास्त आहे असं तिच्या कानावर होतं, ते तिनं लिहिलं, कुणीतरी जाऊन बघा असं सांगितलं. पण ती गेली नाही. हे मी तिच्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. तरी लिहितोय.

३१ मे १९०२ ला तह झाला. त्याचं आठवं कलम असं की काळ्यांना मताचा हक्क द्यायचा का, हा प्रश्न या वसाहतींना स्वराज्य मिळेपर्यंत काढायचा नाही. म्हणजे स्वराज्य आधी गोऱ्याच्या हातात द्यायचं, आणि मग त्यालाच विचारायचं, याला मत देतोस का? बाबासाहेब गोलमेज परिषदेत कशासाठी भांडत होते हे ज्याला कळलं नसेल त्यानं हे कलम एकदा वाचावं. १९१० ला चार वसाहतींचं एक राज्य झालं. बहुसंख्य जनता मताबाहेर. बोअर आणि इंग्रज, कालपर्यंत एकमेकांची घरं जाळणारे, काळ्याच्या पाठीवर बसून भाऊ झाले.

आता १९१३. हे साल मी भिंतीवर लिहून ठेवलंय. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले ते हेच साल. ब्लूमफाँटेनमध्ये या एका वर्षात काय काय झालं ते बघा.

फ्री स्टेटमध्ये काळ्या बाईला गावात राहायला, कामाला जायला पास जवळ ठेवावा लागे. पोलीस रस्त्यात अडवणार, पास मागणार, पास दाखव म्हणून घरात शिरणार. १९१२ ला तिथल्या बायांनी हजारो सह्यांचा अर्ज दिला, काही झालं नाही. मे १९१३ च्या अखेरीला ब्लूमफाँटेनच्या काळ्यांच्या वस्तीतल्या बाया, धुणी धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, मोर्चानं निघाल्या. आम्ही पास बाळगणार नाही म्हणाल्या, पास फाडले. अटक झाली. दंड भरायला नकार दिला आणि सक्तमजुरीला गेल्या. गावचा तुरुंग पुरेना म्हणून त्यांना दुसऱ्या गावच्या तुरुंगात पाठवलं. महाडच्या चौदा वर्षं आधी, मित्रांनो.

हे आपल्याला सांगतो तो सोल प्लाक्ये. १८७६ ला फ्री स्टेटमध्येच जन्मलेला, शाळा थोडी, भाषा खूप, कोर्टात दुभाषा, मग पत्रकार. १९१२ च्या जानेवारीत ब्लूमफाँटेनलाच काळ्यांची काँग्रेस स्थापन झाली, तिचा तो पहिला सरचिटणीस. तुरुंगातल्या त्या बायांना तो जाऊन भेटला. आपल्या पानांवर याचं नाव यायला हवं होतं, आपण बहुतेक अमेरिकेतल्याच काळ्या लेखकांची नावं घेतो.

१९ जून १९१३. जमिनीचा कायदा झाला. देशातली सुमारे सात टक्के जमीन काळ्यांच्या वाट्याला, तिच्याबाहेर विकत घ्यायची नाही, खंडानं करायची नाही. फ्री स्टेटमध्ये वाट्यानं शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबांना मालकांनी सांगितलं, चाकर म्हणून राहा, बैल आमचे, नाहीतर चालते व्हा. ऐन थंडीत कुटुंबं रस्त्यावर आली, गाडीत सामान, मागं मरत चाललेली गुरं. प्लाक्ये सायकलीवर, आगगाडीनं त्यांच्यामागं फिरला आणि जे पाहिलं ते पुस्तकात लिहिलं, १९१६ ला ते छापलं. त्यात एक कुटुंब आहे. वाटेत त्यांचं आजारी पोर मेलं. पुरायचं कुठं? रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन कुणाची तरी आहे, आणि त्यांचा तर पाय ठेवण्याचाही हक्क काढून घेतलाय. शेवटी आईबापांनी रात्रीच्या अंधारात, चोरून, दुसऱ्याच्या जमिनीत खड्डा खणला. मालक बघेल या भीतीनं घाईघाईनं.

आणि त्याच वर्षी, त्याच प्रांतात, १६ डिसेंबर १९१३ ला, मांडीवर मेलेलं पोर घेतलेल्या आईच्या मूर्तीचं अनावरण झालं. सुमारे वीस हजार लोक जमले होते.

तारीख बघितलीत? रक्तनदीची. झुलूंना मारल्याचा सण म्हणून बोअर जो दिवस पाळत, तोच दिवस मेलेल्या बाया-पोरांसाठी निवडला. शोकाचा दिवस आणि विजयाचा दिवस एकच केला. इथं शोकाचं हत्यार झालं.

हॉबहाउसला अनावरणाला बोलावलं होतं. ती जहाजानं आली, पण ब्लूमफाँटेनला पोचण्याआधीच वाटेत हृदयाच्या आजारानं अडली आणि परत फिरली. तिचं भाषण तिथं दुसऱ्यांनी वाचलं. त्या भाषणात तिनं विचारलं होतं की या भांडणाशी ज्यांचा संबंध नव्हता अशी काळी माणसंही हजारोंनी छावण्यांत मेली, त्यांची आठवण आज काढायला नको का? स्वातंत्र्य आपल्यापुरतं राखून दुसऱ्याला नाकारू नका, असंही तिनं बजावलं. बारा वर्षांपूर्वी जी गेली नव्हती, तिनं भर समारंभात ही गोष्ट त्यांच्या तोंडावर मांडली, याचं मोल मी कमी करत नाही.

पन्नास वर्षांनी, १९६३ ला, हे भाषण पुन्हा छापलं गेलं. काळ्यांविषयीचा मजकूर त्यातून गाळला. मधल्या काळात या स्तंभाच्या दुःखावर राजकारण पिकलं होतं. तीस-चाळीस साली बोअर नेते सभेसभेतून छावणीतल्या आया आणि पोरं आठवून देत, आणि १९४८ ला त्यांचा पक्ष सत्तेवर आला तो वर्णभेदाचा कायदा घेऊन. आपल्यावर झालेल्या अन्यायाची आठवण माणसाला आपोआप न्यायी करते असं मी समजत होतो. तसं काही नाही.

आणखी एक गंमत, कडू. हा बायकांचा स्तंभ ना? त्याच्या पायाशी पुरलेत कोण? १९१६ ला अध्यक्ष स्टाइन, १९२२ ला सेनापती डी वेट, १९४१ ला पाद्री केस्टेल. हॉबहाउसची रक्षा १९२६ ला तिथं ठेवली. २६,३७० जणांचा आकडा आहे, पण नावानं ओळखायचे ते पुढारीच.

१९९४ नंतर तिथं काही बदललं. १६ डिसेंबर आता सलोख्याचा दिवस म्हणून पाळतात. बोअर युद्ध न म्हणता दक्षिण आफ्रिकेचं युद्ध म्हणायची रीत आली. स्तंभाशेजारच्या संग्रहालयात सोल प्लाक्येच्या नावाचं दालन आहे. काळ्यांच्या छावण्यांच्या दफनभूम्या शोधल्या जातात, रुळालगतच्या माळावर बिननावाच्या दगडांच्या राशी सापडतात. इतक्या वर्षांनी नाव कुणाचं सापडणार?

म्हणून मी परत आमच्या यादीवर येतो.

आजीला मी स्प्रिंगफोंटेनची गोष्ट सांगितली. गोवर म्हटल्यावर ती माझ्याकडं बघायला लागली. बहात्तर साली ती वीस वर्षांची, दुष्काळी कामावर खडी फोडायला. मिलो खायची, सुकडी वाटायचे. तिचं पहिलं लेकरू, माझ्या बापाच्या आधीचं, खडीच्या ढिगाशेजारी लुगड्याच्या झोळीत असायचं. कामावर गोवर आला. "चार रोजात चार पोरं गेली आमच्या टोळीतली," म्हणाली. "हजेरीला गेले नाय त्या दिवशी, तर मुकादमानं खाडा मांडला." मस्टरवर तिचा खाडा आहे. पोराचं मरण नाही. ही गोष्ट मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली, तीही आफ्रिकेच्या वाटेनं.

आणि महाराष्ट्र सरकारनं १९६३ ला कायदा करून आपल्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्दच काढून टाकलाय, टंचाई म्हणायचं. निर्वासितांची छावणी, टंचाईचं काम. शब्द करणारी माणसं सगळीकडं सारखीच.

कोरेगावच्या स्तंभावरची "नाक" लागलेली नावं वाचताना आपली छाती भरून येते. इंग्रजानं ती स्वतःच्या विजयासाठी कोरली, तरी कोरली म्हणून आपल्याला सापडली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं उभे राहिले. दगडावरच्या नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. मग आपल्याच हातातल्या छिन्नीनं आपण "कुटुंबप्रमुख" कोरणार?

दोस्ताशी वाद झाला. तो म्हणतो, जागा पुरणार नाही, दगडाचे पैसे अक्षरावर आहेत. खरंय, वर्गणी कमी आहे. मी एका पगारातले दोन खाडे धरून बाकीचे देतो म्हणालो. वाद मिटला नाही, पण यादी रविवारपर्यंत उघडी ठेवलीय.

तेव्हा वस्तीतल्या पोरांनो, आपापल्या आजीला विचारा. बहात्तरला तू कुठल्या कामावर होतीस, कोण बरोबर होतं, टोळीतलं कुणाचं पोर गेलं. मस्टरची, शिध्याची जुनी चिठ्ठी ट्रंकेत असेल तर घेऊन या. नाव अर्धं आठवत असेल तर अर्धं लिहा. माझ्या आजीच्या लेकराचं बारसं व्हायचं राहिलं होतं, त्याला सगळे बाळ्याच म्हणायचे. मी यादीत बत्तिसावं आजीचं नाव घातलंय आणि तेहतिसावं बाळ्या. रविवारी संध्याकाळी सहाला, विहारात.